एक स्पेलिंग, आठ उच्चार

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात करडी नावाचे गाव आहे. गावाच्या नावाने पोलीस ठाणे असल्यामुळे हे नाव जिल्ह्याच्या बातम्यांत वारंवार येते. मराठी वाचकाला ते वाचताना कसलीही अडचण येत नाही. क, र, डी अशी तीनच अक्षरे असून त्यांचा उच्चार एकच होतो. हेच नाव इंग्रजीत के-ए-आर-ए-डी-आय असे लिहिले जाते आणि तेथून गोंधळ सुरू होतो. पहिला 'ए' अ असेल किंवा आ असेल. दुसऱ्या 'ए'चेही तसेच. 'डी' या अक्षरात ड आणि द हे दोन्ही वर्ण सामावलेले असतात. शेवटचा 'आय' तेवढा शंकेपलीकडचा असतो, कारण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शब्दाच्या अखेरचा इकार दीर्घ लिहिला जातो. म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, अशी या सहा रोमन अक्षरांची आठ वाचने होतात : करडी, करदी, कराडी, करादी, कारडी, कारदी, काराडी आणि कारादी. मधला 'ए' गाळून के-ए-आर-डी-आय असे आटोपशीर स्पेलिंग केले, तर त्यात कर्डी, कर्दी, कार्डी अशा जोडाक्षरांची भर पडते.

ही आठ रूपे केवळ कागदावरचा हिशेब असती, तर त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्यांतील काही रूपे प्रत्यक्षात अस्तित्वात आहेत, आणि त्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही.

सर्वांत प्रसिद्ध रूप गुजरातेतले आहे. नवसारी जिल्ह्यात, दांडीनजीक, कराडी नावाचे गाव आहे. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मिठाचा कायदा मोडल्यानंतर महात्मा गांधींचा मुक्काम या कराडीला होता. धारासणेच्या मिठागरावर सत्याग्रह करण्याची तयारी सुरू असताना ४ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना तेथेच अटक झाली. अटकेसाठी मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनचा आधार घेण्यात आला आणि त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात आणण्यात आले. इंग्रजी ग्रंथांतून हे गाव के-ए-आर-ए-डी-आय असेच छापलेले असते. गांधीजींवरील इंग्रजी मजकुराचा मराठी अनुवाद करणाऱ्याला मूळ गुजराती नाव ठाऊक नसेल, तर तो सत्याग्रहाची छावणी सहज 'करडी'ला हलवू शकतो. दांडी या नावाचीही तीच गत आहे. डी-ए-एन-डी-आय या पाच अक्षरांत गुजरातची दांडी, मालवणची दांडी आणि 'दशकुमारचरित' लिहिणारा संस्कृत कवी दंडी हे तिघेही एकत्र नांदतात.

स्वयंपाकघरात करडीचे तेल असते. सोलापूर आणि मराठवाड्याकडच्या करडई या रब्बी पिकाच्या बियांचे हे तेल दुकानातल्या डब्यांवर आणि शेतीविषयक इंग्रजी लिखाणात 'करडी' म्हणूनच वावरते. कोकणच्या किनाऱ्यावर करंदी या बारीक कोळंबीला काही ठिकाणी करदी म्हणतात. रोमन अक्षरांत तेलबिया आणि मासळी यांच्यात फरक उरत नाही. करडा रंग आणि करडी नजर ही विशेषणे तर मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यातली आहेत.

दक्षिणेत गेल्यास अर्थ पुन्हा पालटतो. कन्नड आणि तमिळमध्ये 'करडि' म्हणजे अस्वल. लहान मुलांसाठी गोष्टींच्या ध्वनिफिती आणि पुस्तके काढणारी 'करडी टेल्स' ही चेन्नईची संस्था १९९६ मध्ये सुरू झाली, तिचे नाव या अस्वलावरून आले आहे. एखादा तमिळ प्रवासी भंडारा जिल्ह्यात आला आणि त्याने पोलीस ठाण्यावरची रोमन पाटी वाचली, तर ते ठाणे अस्वलाच्या नावाने आहे असे त्याला वाटेल. नागझिऱ्याच्या जंगलात अस्वले खरोखरच असल्यामुळे त्याचा समज दूर होणेही अवघड!

शिकारी इंग्रजीच्याच घरात

अक्षरे तीच आणि शब्द निराळे, असा प्रकार इंग्रजीला नवा नाही. त्याचे दोन भेद करावे लागतात. पहिल्यात अक्षरे तीच राहतात आणि क्रम बदलतो. 'लिसन' म्हणजे ऐकणे आणि 'सायलेंट' म्हणजे निःशब्द, हे दोन्ही शब्द त्याच सहा अक्षरांच्या फेरमांडणीतून होतात. हा अक्षरपालटाचा खेळ झाला, त्यात डोळ्यांना फरक दिसतो. दुसऱ्या प्रकारात अक्षरेही तीच, क्रमही तोच, पण उच्चार आणि अर्थ वेगळे. एल-ई-ए-डी हा शब्द 'लीड' वाचला तर पुढे नेणे आणि 'लेड' वाचला तर शिसे. टी-ई-ए-आर म्हणजे 'टिअर' असेल तर अश्रू, 'टेअर' असेल तर फाडणे. 'विंड' आणि 'वाइंड', म्हणजे वारा आणि गुंडाळणे, यांचे स्पेलिंग एकच आहे, तसेच 'मिनिट' आणि 'मायन्यूट' यांचे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, त्यांनाही अशा ठिकाणी मागचापुढचा संदर्भ पाहूनच उच्चार ठरवावा लागतो. वाक्यात संदर्भ मिळतो. गावाच्या पाटीवर, पाकिटावर किंवा सरकारी अर्जाच्या चौकटीत तो मिळत नाही. करडीची अडचण नेमकी येथे आहे.

अक्षरांच्या योगायोगाने इंग्रजांचीही फसगत झालेली आहे आणि त्यात मराठीचा हात आहे. मुंगसाला इंग्रजीत 'मंगूस' म्हणतात, तो शब्द मराठीतून गेला असे कोशकार सांगतात. तिकडे त्याचे स्पेलिंग करताना शेवटची पाच अक्षरे जी-ओ-ओ-एस-ई अशी आली, म्हणजे नेमकी 'गूस' या हंसजातीय पक्ष्याची. 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होते, म्हणून अनेक मुंगसांना 'मंगीस' म्हणावे की काय, असा संभ्रम इंग्रजी लिहिणाऱ्यांना पडत आला आहे. मुंगसाचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही, अक्षरे तेवढी सारखी आहेत.

माने, मुळे, साने, दाते

गावांच्या नावांपेक्षा मराठी आडनावांवर हा योगायोग अधिक प्रसन्न झालेला दिसतो. एकारान्त आडनावे ही मराठीची खास ओळख. ती रोमन लिपीत लिहिली की त्यांतील पुष्कळ आडनावे अस्सल इंग्रजी शब्द बनतात. माने हे आडनाव इंग्रज 'मेन' असे वाचतो, त्याचा अर्थ आयाळ. मुळे यांचे 'म्यूल' म्हणजे खेचर होते. गोरे यांचे 'गोअर' म्हणजे साकळलेले रक्त होते. लाड यांचा 'लॅड', म्हणजे पोरगा, होतो. मोरे यांचे 'मोर', म्हणजे अधिक, होते आणि मराठी कानाला तो उच्चार पक्ष्याचा वाटतो. साने यांचे 'सेन' म्हणजे शहाणा, विवेकी. साने गुरुजींचे स्मरण असणाऱ्या महाराष्ट्राला हा एक योगायोग तरी मान्य व्हावा. दाते या आडनावाचे 'डेट', म्हणजे तारीख, होते, आणि महाराष्ट्रात घरोघरी तिथी-वार पाहण्यासाठी ज्या पंचांगाचा आधार घेतला जातो, ते सोलापूरचे पंचांग दात्यांचेच आहे.

काळे या आडनावाची कथा थोडी लांबते. के-ए-एल-ई ही चार अक्षरे इंग्रजीत 'केल' या पालेभाजीची आहेत. महाराष्ट्रात ती काळे या आडनावाची आहेत, कोल्हापूरजवळच्या पन्हाळा तालुक्यातील कळे या गावाची आहेत आणि कऱ्हाडजवळच्या काले या गावाचीही आहेत. काळे, कळे, काले ही तीन नावे मराठीत कधीही एकमेकांत मिसळणार नाहीत. एकात ळ आणि आ, दुसऱ्यात ळ आणि अ, तिसऱ्यात ल आणि आ. रोमन लिपी तिन्ही भेद पुसून टाकते.

असे इतक्या मोठ्या संख्येने का घडावे, याचे उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. इंग्रजी शब्दांच्या शेवटी येणारा 'ई' आज मुका असतो. त्याचे काम एवढेच की आधीच्या स्वराचा उच्चार कसा करावा याची सूचना देणे. एम-ए-एन 'मॅन' आणि त्यापुढे 'ई' लावला की 'मेन'. हा 'ई' पूर्वी मुका नव्हता. १४०० मध्ये निधन पावलेल्या चॉसर या कवीच्या काळापर्यंत इंग्रजीत अखेरच्या 'ई'चा अस्पष्ट का होईना उच्चार होत असे आणि 'ए'चा उच्चार 'आ'च्या जवळचा होता. त्या काळच्या इंग्रजाने माने हे आडनाव आजच्या इंग्रजापेक्षा बरेच बिनचूक वाचले असते. पुढील दोन-तीन शतकांत दीर्घ स्वरांचे उच्चार सरकले, अखेरचा स्वर गळाला. दरम्यान विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणला होता आणि छापील स्पेलिंगे हळूहळू गोठत गेली. उच्चार पुढे गेला, लेखन मागे राहिले. मराठी आडनावे ज्या रोमन अक्षरांत बसवली गेली, त्यांचे स्वरमूल्य इटालियन-लॅटिन पद्धतीचे आहे. वाचणारा मात्र इंग्रजी पद्धतीने वाचतो.

क्वचित अशा जोड्यांच्या मुळाशी खरे नातेही निघते. आयाळ या अर्थाचा 'मेन' आणि मानेचा मागील भाग या अर्थाचा संस्कृत 'मन्या' हे शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच कुळातले मानतात. आडनावाशी या नात्याचा संबंध जोडण्याचे मात्र कारण नाही.

गावांतही असे भाग्यवंत कमी नाहीत. गणेशमूर्तींचे पेण इंग्रजीत लेखणी होते. सातारा जिल्ह्यातील माण तालुका 'मॅन', म्हणजे माणूस, होतो. मध्य रेल्वेवरील दिवा स्थानकाचे नाव ही इंग्रजीत ख्यातनाम गायिका ठरते, जळगाव जिल्ह्यातील रावेर बेभान नाचणारा ठरतो. बीडचे स्पेलिंग २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत बी-आय-डी असे आहे, त्याचा अर्थ लिलावातली बोली. या सर्वांत मानाची जागा ठाण्याची आहे. टी-एच-ए-एन-ई हा इंग्रजी शब्द 'थेन' असा उच्चारला जातो आणि तो जुन्या स्कॉटलंडमधील सरदारांचा किताब आहे. शेक्सपिअरचा मॅकबेथ आधी ग्लॅमिसचा आणि नंतर कॉडॉरचा 'थेन' असतो. शिलाहारांचे श्रीस्थानक कुठे आणि स्कॉटलंडची सरदारकी कुठे! ब्रिटिश अमदानीत या शहराचे स्पेलिंग शेवटी 'ए' घालून होत असे, तेव्हा हा योगायोग नव्हता. नाव मराठी उच्चाराजवळ आणले गेले आणि ते इंग्रजी कोशात जाऊन बसले.

नेमके काय हरवते?

गंमत येथे संपते. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेतील मूलभूत भेद रोमन लिपीच्या रोजच्या वापरात टिकत नाहीत. अ आणि आ यांना एकच अक्षर. त-ट, थ-ठ, द-ड, ध-ढ, न-ण या प्रत्येक जोडीला मिळून एकच चिन्ह. ल आणि ळ यांचीही तीच अवस्था. खुद्द 'मराठी' या नावातला ठ रोमन लिपीत थ होऊ शकतो आणि मधला आ तर अ होऊ शकतोच.

भंडारा जिल्ह्यातीलच नावे घेतली तरी हे पुरेसे स्पष्ट होते. लाखनी या तालुक्याच्या ठिकाणाचे स्पेलिंग आणि लाखाणी या गुजराती आडनावाचे स्पेलिंग अक्षराक्षराने एक आहे. भंडारा रोड हे रेल्वे स्थानक ज्या वरठीला आहे, तिचे रोमन रूप वराठी, वराथी, वारथी असे कसेही वाचता येते. पवनी तालुक्यातील अड्याळ या नावाच्या शेवटचा ळ, मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या मधला ळ, दोन्ही ल होऊन बसतात. तुमसर तालुक्यातील चांदपूर आणि एखादे चंदपूर यांत फरक उरत नाही. जिल्ह्याबाहेर पाहिले तर उरणजवळचा करंजा आणि वाशीम जिल्ह्यातील कारंजा यांची रोमन लिपीतील रूपे एकच आहेत. एक समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव, दुसरे वऱ्हाडातले जुने बाजारपेठेचे शहर. दापोलीजवळचे समुद्रकिनाऱ्यावरचे कर्दे आणि पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कर्डे या दोघांना तर द आणि ड यांशिवाय वेगळे करणारे काहीच नाही, आणि तेवढेच रोमन लिपी नेमके पुसते.

'आमच्याकडे असे चालत नाही,' असे दक्षिणेतील वाचक म्हणू शकतो. तमिळ आणि अन्य दाक्षिणात्य भाषकांच्या प्रथेत त साठी टी-एच आणि द साठी बहुधा डी-एच लिहितात, नुसता 'टी' किंवा 'डी' ट आणि ड साठी राखून ठेवतात. म्हणूनच त्यांच्याकडील गीता आणि ललिता यांच्या नावांत 'एच' असतो, आणि मराठी माणूस ती नावे गीथा, ललिथा अशी वाचून हसतो. त्या प्रथेनुसार करडीच्या स्पेलिंगातला 'डी' हा ड च आहे, शंकेला जागाच नाही. एकाच देशात एकाच लिपीचे असे दोन संकेत चालू आहेत आणि दोन्हींना आपलाच संकेत स्वाभाविक वाटतो.

जोन्स, गिलख्रिस्ट, हंटर

हा प्रश्न इंग्रजांना दिसला नव्हता असे नाही. कलकत्त्यात १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी स्थापन करणाऱ्या सर विल्यम जोन्स यांनी सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात, १७८८ मध्ये, आशियाई शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर प्रबंध छापला. त्यांची दृष्टी पंडिताची होती. प्रत्येक भारतीय वर्णाला ठराविक रोमन चिन्ह आणि दीर्घ स्वरावर खूण, अशी त्यांची रीत होती. फोर्ट विल्यम कॉलेजातील जॉन गिलख्रिस्ट यांनी दुसरी वाट धरली. इंग्रज शिपायाला आणि कारकुनाला वाचता यावे म्हणून अ साठी 'यू', ई साठी दोन 'ई', ऊ साठी दोन 'ओ'. 'पूना', 'जब्बलपोर' ही जुनी स्पेलिंगे त्या वळणाची आहेत.

गिलख्रिस्टी वळणाची पुढे पुष्कळ टिंगल झाली. तरीही त्यात एक गुण होता, तो आज विसरला गेला आहे. अ आणि आ त्यात वेगळे राहत. पंजाबचे आजचे स्पेलिंग हा त्याचा जिवंत पुरावा : पहिल्या अक्षरातल्या अ ला 'यू' आणि दुसऱ्यातल्या आ ला 'ए'. या रीतीने करडीचे स्पेलिंग के-यू-आर-यू-डी-ई-ई असे काहीतरी झाले असते. ते दिसायला ओबडधोबड आहे, पण ते कोणी कराडी वाचले नसते.

१८७० च्या दशकात सर विल्यम विल्सन हंटर यांच्याकडे देशभराच्या गॅझेटियरचे काम आले, तेव्हा गावांच्या नावांची एकच रीत ठरवणे भाग पडले. जोन्स यांच्या पद्धतीचे सुटसुटीत रूप त्यांनी स्वीकारले. त्यालाच हंटर पद्धती म्हणतात आणि भारतातील सरकारी नकाशांचा पाया आजही तोच आहे. मुंबई-कलकत्त्यासारख्या रूढ नावांना हात लावायचा नाही, इतर ठिकाणी दीर्घ स्वरावर खूण द्यायची, ड आणि द यांसाठी वेगळे चिन्ह ठेवायचे नाही, असा त्यांचा व्यवहार होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत ठाणे, नाशिक, सातारा ही नावे आ वर तिरपी रेघ देऊनच छापलेली आहेत. म्हणजे निम्मा भेद तरी राखला गेला होता. तारेच्या यंत्राला आणि इंग्रजी टंकलेखन यंत्राला ती रेघ देता येत नव्हती. कचेऱ्यांतून ती गळाली ती पुन्हा आली नाही. आज जी स्पेलिंगे प्रमाण म्हणून चालतात, ती हंटर यांची नसून हंटर यांच्या खुणा गळालेल्या सांगाड्याची आहेत.

पंडितांनी आपला मार्ग वेगळा ठेवला. १८९४ च्या जिनिव्हा येथील प्राच्यविद्या परिषदेपासून अक्षराखाली टिंब आणि डोक्यावर आडवी रेघ देण्याची रीत रूढ झाली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १५९१९ क्रमांकाचे मानक काढून भारतीय लिप्यांसाठी ती अधिक नेटकी केली. त्यात ळ लाही जागा आहे. ही रीत ग्रंथसूचीत आणि विद्यापीठीय लेखनात दिसते. बसच्या पाटीवर किंवा बँकेच्या पासबुकात ती दिसत नाही.

परतीचा प्रवास

मराठी नाव इंग्रजीत लिहिताना थोडे झिजले, तर त्यात फारसे बिघडत नाही, असे पूर्वी म्हणता येत असे. मूळ नाव देवनागरीत शाबूत होते. सातबारा, ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचा दाखला हे सारे मराठीत होते आणि १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने देवनागरी लिपीतील मराठी हीच राज्याची राजभाषा ठरवली आहे. खरी अडचण संगणकाने उभी केली. आता पुष्कळ ठिकाणी रोमन नोंद आधी होते आणि देवनागरी रूप तिच्यापासून तयार केले जाते. झिजलेल्या नाण्यावरून पुन्हा साचा पाडण्याचा हा प्रकार आहे.

आधारची देशातील सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी झाली. या पत्रावर नाव आणि पत्ता इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत असा दुहेरी छापला जातो. इंग्रजीत टंकलेला मजकूर संगणक स्थानिक लिपीत उलटवून दाखवतो आणि नागरिकाने तो तपासून पाहावा, अशी अपेक्षा असते. घाईत तपासणे राहून गेले की काळेंचे काले होतात, साठेंचे साथे होतात आणि शेवटच्या ओळीतल्या गावाचे काय झाले ते घरी गेल्यावर कळते. टेंभली या नावातही ट आणि ल असे दोन निसरडे वर्ण आहेत.

रोमनमधून हिंदीत जाताना नुकसान दुहेरी होते, कारण प्रचलित हिंदीत ळ नाही. लोणावळ्याचे 'लोनावला', जळगावचे 'जलगांव', वडाळ्याचे 'वडाला' ही रूपे हिंदी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर इतकी रुळली आहेत की काही मराठी जाहिरातींतही ती शिरली. मराठीतल्या शिर्डीचे हिंदीत 'शिरडी' झाले, ते मात्र त्या भाषेच्या वळणाने झाले असे मानता येईल.

गावाच्या नावाचा इतिहास शोधणाऱ्यालाही हा परतीचा रस्ता भलतीकडे नेतो. स्थलनामाच्या अभ्यासात ड की द, ल की ळ या प्रश्नाच्या उत्तरावर व्युत्पत्ती अवलंबून असते. अभ्यासकाने करडीचा शोध रोमन नोंदीपासून सुरू केला, तर तो तेलबियांपासून कोळंबीपर्यंत आणि अस्वलापासून सत्याग्रहाच्या छावणीपर्यंत कुठेही पोहोचू शकतो. देवनागरी नोंद हीच मूळ आणि रोमन नोंद ही तिची नक्कल, हा क्रम सरकारी माहितीकोशांत पाळला गेला पाहिजे. तो उलटला की दुरुस्तीसाठी गावच्याच माणसाकडे जावे लागते.

जोडनावे आणि सहा अंक

सारख्या नावांवर लोकांनी स्वतःची युक्ती फार पूर्वीच काढलेली आहे. बुद्रुक आणि खुर्द ही फारसीतून आलेली थोरल्या-धाकट्याची विशेषणे सर्वांना माहीत आहेत. आळंदी देवाची, म्हातोबाची आणि चोराची अशी वेगवेगळी ओळखली जाते. कारंजा एक लाडांचे आहे, तर वर्धा जिल्ह्यातले घाडगे यांचे. मोहाडी हे नाव तर भंडाऱ्याप्रमाणे नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यातही आहे आणि तेथे देवनागरीही मदतीला येत नाही, तालुक्याचे नाव जोडावेच लागते. करडीच्या बाबतीत शेजारच्या गावाचा आधार घेण्यात आला आहे. वृत्तपत्रांत तेथील बातमीचे ठिकाण 'करडी (पालोरा)' असे छापले जाते.

टपाल खात्याला यावर अंकांचा उपाय सापडला आणि तो शोधणारे मराठीच होते. संस्कृतचे नामवंत कवी आणि नाटककार श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. सारखी गावनावे, वेगवेगळ्या भाषांतील पत्ते आणि चुकीची स्पेलिंगे यांतून पत्र नेमके जावे म्हणून त्यांनी सहा अंकी पिनकोडाची योजना आखली. ती १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. पहिला अंक विभाग दाखवतो. चार या अंकाने महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ओळखले जातात, ४४ ने विदर्भ आणि ४४१९०४ ने भंडारा. देववाणीत काव्य रचणाऱ्या माणसाने अक्षरांचा तिढा अंकांनी सोडवावा, हेही विलक्षणच. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक मिळाला, तो याच मार्गावरचा पुढचा टप्पा.

नाव अक्षरांतच लिहायचे असेल, तर संगणकावर एक साधी सोय १९९० च्या दशकापासून उपलब्ध आहे. 'आयट्रान्स' या लेखनरीतीत लहान 'डी' म्हणजे द आणि मोठा 'डी' म्हणजे ड, लहान 'ए' म्हणजे अ आणि मोठा 'ए' म्हणजे आ. इंटरनेटवर मराठी लिहू लागलेल्या पहिल्या पिढीने या धर्तीच्या टंकलेखनावरच हात बसवला. त्यात करडीची सहाही अक्षरे निःसंदिग्ध होतात. अलीकडे 'ए' दोनदा लिहून आ दाखवण्याची प्रथाही वाढते आहे, माण तालुक्याचे नाव पुष्कळदा तसे दिसते. पारपत्रावर मात्र यांतले फारसे काही चालत नाही. त्याच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत नावासाठी रोमन वर्णमालेची सव्वीस मोठी अक्षरेच वापरता येतात. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद तेथे नाही, टिंब नाही, रेघ नाही. तेथे काळे आणि काले यांना एकच 'के-ए-एल-ई' मिळते आणि त्यांना वेगळे ओळखण्याचे काम पारपत्राचा क्रमांक करतो.